'स्लॅप शॉट' : मालक कोण, हे ठाऊक नसलेली माणसे

आइस हॉकीवरील चित्रपटांचा विषय निघाला की 'स्लॅप शॉट' या अमेरिकन चित्रपटाचे नाव हमखास घेतले जाते. जॉर्ज रॉय हिल यांनी दिग्दर्शित केलेला आणि पॉल न्यूमन यांची प्रमुख भूमिका असलेला हा चित्रपट फेब्रुवारी १९७७ मध्ये प्रदर्शित झाला. बर्फाच्या रिंगणातील हाणामाऱ्या, जाड भिंगांचे चष्मे लावलेले तीन आडदांड भाऊ आणि पदोपदी ऐकू येणाऱ्या शिव्या एवढ्यावरच त्याची कीर्ती उभी आहे. या कीर्तीने त्याचे काहीसे नुकसानच केले, असे मला वाटते. हाणामारीचा धुरळा बाजूला सारून पाहिले, तर हा चित्रपट एका साध्या प्रश्नाभोवती रचलेला दिसतो. जो माणूस आपले अंग, आपली हाडे आणि आपले तारुण्य वर्षानुवर्षे भाड्याने देतो, त्याला ते भाडे देणाऱ्याचे नाव तरी ठाऊक असते काय?

एक गोष्ट आरंभीच सांगितलेली बरी. हा चित्रपट मुलाबाळांना शेजारी बसवून पाहण्याजोगा नाही. त्याची भाषा कमालीची असभ्य आहे, काही प्रसंग उघडेवाघडे आहेत. तरीही प्रौढ वाचकांनी, विशेषतः ज्यांच्या घरातील कोणी खेळाच्या वा कंत्राटी कामाच्या भरवशावर घराबाहेर पडले आहे अशांनी, त्याची दखल घ्यावी असे त्यात पुष्कळ आहे.

आपल्याकडे हॉकी म्हणजे मैदानावरची, अकरा जणांची. बर्फावरची हॉकी हा निराळाच खेळ. गोलरक्षक धरून सहा जण, पायांत धारदार पात्यांचे स्केट्स, चेंडूच्या जागी टणक रबराची चकती, वीस-वीस मिनिटांचे तीन डाव, आणि अंगावर धडक मारणे हे नियमात बसणारे. नियम मोडणाऱ्यास काही मिनिटे कडेच्या बंदिस्त बाकावर बसावे लागते आणि तोवर त्याचा संघ एका माणसाने उणा खेळतो. मारामारी केली तर पाच मिनिटे, मग पुन्हा खेळ. काठी मागे उंच नेऊन चकतीवर हाणलेल्या जोरकस फटक्याला 'स्लॅप शॉट' म्हणतात.

या खेळात नाव कमावणारे मोजके, पोट भरणारे पुष्कळ. जुन्या युरोपातील कारागिरांच्या संघांत उमेदवारी पुरी केलेला, परंतु स्वतःचे दुकान नसलेला, म्हणून रोजावर काम करणारा कारागीर असे. इंग्रजी क्रीडापत्रकारांनी त्याचेच नाव अशा खेळाडूला दिले आहे. हा खेळाडू वाईट नसतो. त्याला काम येते. परंतु त्याचे काम दुसऱ्या कोणालाही येते, आणि हेच त्याचे दुर्दैव. १९४२ पासून १९६७ पर्यंत अमेरिका व कॅनडातील सर्वोच्च 'नॅशनल हॉकी लीग'मध्ये अवघे सहा संघ होते. एका संघात वीसेक खेळाडू धरले, तर या दर्जाच्या नोकऱ्या साऱ्या मिळून सव्वाशेच्या घरात. उरलेल्या शेकडो चांगल्या खेळाडूंनी लहान लहान औद्योगिक शहरांतील दुय्यम संघांत, बसचा रात्रीचा प्रवास करीत, हंगामामागून हंगाम काढले. १९६७ मध्ये संघ बारा झाले, १९७२ मध्ये 'वर्ल्ड हॉकी असोसिएशन' ही प्रतिस्पर्धी संघटना निघाली आणि एकाएकी जागा वाढल्या. परंतु ज्यांची उमेद त्या पंचवीस वर्षांत खर्ची पडली होती, त्यांना हे दार फार उशिरा उघडले. चित्रपटातील रेजी डनलॉप हा त्यांपैकीच एक. चित्रीकरणाच्या वेळी न्यूमन पन्नाशी ओलांडलेले होते. या वयाचा खेळाडू-प्रशिक्षक ही अतिशयोक्ती खरी, परंतु त्यांच्या थकलेल्या, तरीही तरुण दिसू पाहणाऱ्या चेहऱ्यामुळे ती खटकत नाही. भडक कपड्यांतला हा माणूस पुढल्या वर्षाविषयी बोलतो, तेव्हा त्याला पुढले वर्ष नाही हे आपल्याला त्याच्याआधी कळलेले असते.

पटकथा नॅन्सी डाउड यांची. पुढे 'कमिंग होम' या चित्रपटाच्या लेखनासाठी मिळालेल्या ऑस्करच्या त्या एक मानकरी ठरल्या. त्यांचा भाऊ नेड हा पेनसिल्व्हेनिया राज्यातील जॉन्सटाउन गावच्या 'जेट्स' या दुय्यम संघात खेळत असे. संघ विकला जाणार असल्याचे त्याने एकदा फोनवरून सांगितले. बहिणीने विचारले, संघाचा मालक कोण? भावाला ते सांगता येईना. या एका प्रश्नातून चित्रपट जन्मला. नॅन्सीबाई जॉन्सटाउनला जाऊन राहिल्या, खेळाडूंच्या बायकांशी बोलल्या. नेडने ड्रेसिंग रूममध्ये टेपरेकॉर्डर नेऊन तिथले बोलणे जसेच्या तसे टिपून घेतले. चित्रपटातील शिव्यांचा उगम असा आहे. त्या प्रेक्षकाला गुदगुल्या करण्यासाठी कोणी टेबलाशी बसून रचलेल्या नाहीत. ज्यांच्या हाती दुसरे काही उरले नाही अशा माणसांची ती बोली आहे, आणि ती एका स्त्रीने, न सावरता, कागदावर उतरवली याचे त्या काळी अनेकांना आश्चर्य वाटले.

कथा थोडक्यात सांगतो. चार्ल्सटाउन नावाच्या काल्पनिक गावातील पोलादाचा कारखाना बंद होणार आहे. दहा हजार कामगार घरी बसणार. गावावर जगणारा 'चीफ्स' हा हॉकी संघही त्या हंगामाअखेर मोडीत निघणार. हे ऐकून एक खेळाडू कामगारांविषयी जो शब्द वापरतो, तो आइस हॉकीतला आहे. एखाद्या खेळाडूवरचा हक्क संघ सोडून देतो आणि ज्याला हवा त्याने तो उचलावा असे जाहीर करतो, तेव्हा तो शब्द वापरला जातो. दहा हजार कामगारांना कारखान्याने असेच सोडून दिले आहे, असे तो म्हणतो. प्रेक्षक हसतो आणि पुढे जातो. मला मात्र साऱ्या चित्रपटाची किल्ली या एका वाक्यात दिसते. भट्टीवरचा कामगार आणि बर्फावरचा खेळाडू यांची जात एक आहे, हे तिथे दुसऱ्या कोणत्याही शब्दांत सांगितलेले नाही.

संघ वाचवण्यासाठी रेजी काय करतो? सर्वसाधारण समज असा की तो हाणामारीचा आश्रय घेतो. खरे म्हणजे हाणामारी नंतर येते. तो प्रथम आश्रय घेतो तो खोटेपणाचा. त्याचा पहिला मोठा विजय पाहा. प्रतिपक्षाच्या गोलरक्षकाच्या पत्नीने विश्वासाने त्याला आपल्या संसारातील एक गुपित सांगितलेले असते. रेजी ते ऐन सामन्यात तिच्या नवऱ्याच्या तोंडावर फेकतो. तो बिचारा भान हरपून गोल सोडून धावत सुटतो आणि रेजीचे काम होते. चित्रपट हा प्रसंग विनोद म्हणून दाखवतो. परंतु त्या स्त्रीचा विश्वास एका गोलासाठी विकला गेला, ही गोष्ट मनातून जात नाही. यानंतरचे खोटे अधिक मोठे. फ्लोरिडातील कोणी धनिक संघ विकत घेणार आहेत, अशी थाप तो डिकी डन या स्थानिक बातमीदाराच्या गळी उतरवतो. बातमी छापून येते. बर्फाळ गावातून उन्हाच्या प्रदेशात जाण्याचे स्वप्न खेळाडूंना पडू लागते, आणि त्या स्वप्नापायी ते वाटेल ते करायला तयार होतात. त्यांच्या नोकरीच्या भीतीवर रेजी स्वार होतो. तेही ज्यांच्यासारखीच भीती त्याला स्वतःला आहे अशा माणसांच्या.

हॅन्सन बंधूंचे आगमन याच सुमारास होते. खेळण्यातल्या मोटारी सोबत घेऊन आलेले, मुठींवर चांदीसारखा चकचकीत कागद गुंडाळून खेळायला उतरणारे हे तिघे भाऊ चित्रपटाचे सर्वांत लोकप्रिय पात्र ठरले. त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात मी भर घालणार नाही. एवढेच नोंदवतो की त्यांच्या हाणामारीत द्वेष नाही, ती लहान मुलांची दंगामस्ती आहे. द्वेष आहे तो त्यांच्याकडे पाहून टाळ्या पिटणाऱ्या, बेकार होऊ घातलेल्या गावात. दिग्दर्शकाने प्रेक्षकांचे चेहरे मुद्दाम वारंवार दाखवले आहेत. त्या काळी प्रत्यक्षातही असेच वारे वाहत होते. फिलाडेल्फियाच्या 'फ्लायर्स' संघाने दांडगाईच्या बळावर १९७४ आणि १९७५ साली स्टॅनली चषक जिंकला होता. १९७६ मध्ये माँट्रियलच्या चपळ, नेटक्या संघाने त्यांना हरवले, तेव्हा अनेक जुन्या रसिकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दांडगाई खपते हे सर्वांना दिसत होते. ती का खपते, हे विचारणारे 'स्लॅप शॉट'मध्ये भेटतात.

चित्रपटाचा गाभा माझ्या मते एका दिवाणखान्यात आहे, आणि तेथे बर्फाचा मागमूस नाही. बराच शोध घेतल्यावर रेजीला अखेर मालकाचा पत्ता लागतो. ती एक स्त्री निघते. तिचे घर सुरेख, वागणे सौम्य, मुले नीटनेटकी. रेजी आपल्या संघाची कमाई, वाढलेली गर्दी यांचा पाढा वाचतो. ती शांतपणे ऐकून घेते. संघ विकणे शक्य आहे, हे ती मान्यही करते. परंतु तो बंद करून तोटा दाखवला तर कराच्या हिशेबात तिला अधिक फायदा आहे. आणि हो, आपल्या मुलांना मात्र ती हॉकीचा सामना कधी पाहू देत नाही. मुले जे पाहतात त्याचेच अनुकरण करतात, असे तिचे मत आहे. कॅथरिन वॉकर यांनी ही भूमिका कोठेही खलनायिकेचा रंग न लावता केली आहे, हे त्यांचे मोठे यश. या बाईचे बोलणे पटण्याजोगे आहे. पालक म्हणून आपणही तेच बोललो असतो. आपल्या लेकरांच्या दृष्टीस पडू नये असे जे, ते दुसऱ्यांच्या लेकरांकडून करून घेऊन त्यावर तिचे घर उभे आहे, एवढेच तिला दिसत नाही.

यावर रेजी काय उत्तर देतो? तो तिच्या मुलाविषयी एक अत्यंत घाणेरडे वाक्य बोलून बाहेर पडतो. चित्रपटाचे चाहते या वाक्यावर टाळ्या वाजवतात. मला तो प्रसंग पाहताना वाईट वाटले. अपशब्दाचे तितके नाही. तो क्षण या माणसाच्या साऱ्या कारकिर्दीचा हिशेब आहे याचे. आयुष्यभर ज्याला प्रतिपक्षाला डिवचणे एवढेच शिकवले गेले, त्याला ज्या एका जागी खरे बोलायचे होते तिथेही डिवचण्यापलीकडे काही सुचत नाही. बाईंचे मत बदलत नाही. त्यांना आपले मत बरोबर असल्याची खात्री मात्र पटते. लेखिकेने हे जाणूनबुजून केले असेल तर ते थोर आहे. केवळ विनोदासाठी केले असेल, तर विनोदाने लेखिकेला मागे टाकले म्हणायचे. या ठिकाणी, आणि इतरही काही ठिकाणी, समलिंगी माणसांची जी टवाळी केली आहे, ती मात्र आज कोणत्याही सबबीवर पचत नाही. भाषा टेपरेकॉर्डरवरून घेतली, हे कारण इथे पुरत नाही. टिपलेल्यातले काय ठेवायचे, ही निवड शेवटी लिहिणाऱ्याचीच असते.

ज्या बाजूकडे समीक्षकांचे फारसे लक्ष गेले नाही, ती आहे बायकांची बाजू. संघ परगावी गेला की खेळाडूंच्या पत्नी मद्यालयात एकत्र बसतात. दर हंगामाला नवे गाव, नवे भाड्याचे घर, नवऱ्याच्या पगारावर अवलंबून असलेली आणि त्याच्या गुडघ्यावर टांगलेली गृहस्थी. लिंडसे क्राऊस यांनी उभी केलेली लिली ही त्यांत सर्वांत दुःखी. तिचा नवरा नेड ब्रेडन हा प्रिन्स्टन विद्यापीठातून शिकलेला, संघातला सर्वांत कुशल खेळाडू. तो हाणामारीला साफ नकार देतो. बाहेरून हा तत्त्वनिष्ठ माणूस. घरात बायको दारूच्या आधाराने दिवस ढकलते आहे याकडे त्याचे लक्ष नाही. पटकथेचा प्रामाणिकपणा येथे दिसतो. ज्याचे खेळातले वर्तन सर्वांत स्वच्छ, त्याचे घरातले वर्तन स्वच्छ असेलच असे ती मानत नाही. रेजीची पत्नी फ्रान्सीन त्याच्यापासून वेगळी राहते. जेनिफर वॉरन यांच्या वाट्याला मोजकेच प्रसंग आले आहेत, पण नवऱ्यावर माया असूनही त्याच्या बोलण्यावर विश्वास न उरलेली स्त्री त्यांनी इतक्या शांतपणे रंगवली आहे की तिची पाठ वळल्यावर पडदा रिकामा वाटतो.

शेवट फसला आहे, असे मला वाटते. मालकिणीला भेटून आल्यावर रेजी खेळाडूंना खरे काय ते सांगून टाकतो, आणि अंतिम सामना तरी जुन्या रीतीने, स्वच्छ खेळू या, असे विनवतो. ते मानतातही. सिराक्यूजच्या संघाने मात्र साऱ्या मुलखातले गुंड गोळा करून आणलेले असतात. चीफ्स मार खातात. तेवढ्यात व्यवस्थापक येऊन सांगतो, प्रेक्षकांत वरच्या लीगचे पारखी बसले आहेत. आणि एका क्षणात सारे शहाणपण विसरून खेळाडू पुन्हा मुठी आवळतात. इथपर्यंत चित्रपट अचूक आहे. वर चढण्याची अंधूक आशा माणसाला कोणत्या थराला नेते, हे याहून नेमके दाखवता आले नसते. पुढे मात्र ब्रेडन हाणामारीत न पडता बर्फावर गोल गोल फिरत अंगावरचे एकेक वस्त्र उतरवू लागतो, बँड वाजू लागतो, प्रतिस्पर्धी चिडून पंचालाच ठोसा मारतो आणि चीफ्स विजयी ठरतात. कल्पना चतुर आहे. लोकांना तमाशाच हवा तर घ्या तमाशा, असा त्यातला टोमणा कळतो. परंतु तीन-चतुर्थांश चित्रपट ज्या जड प्रश्नाचे ओझे वाहत आला, तो प्रश्न एका थट्टेच्या हवाली करून लेखिका मोकळी होते. लिली प्रेक्षकांतून नवऱ्याकडे कौतुकाने पाहते आणि त्यांचे फाटलेले नाते जोडले जाते, हे तर अगदीच घाईचे.

ही मारामारी करणारी खरी माणसे कोण होती, याची हकीकत पडद्यावरच्या कथेपेक्षा कमी बोलकी नाही. जेट्स संघात जॅक, जेफ आणि स्टीव्ह कार्लसन हे तीन सख्खे भाऊ खेळत, आणि त्यांच्यासोबत डेव्ह हॅन्सन. हॅन्सन बंधू म्हणून तिन्ही कार्लसनांनाच घ्यायचे ठरले होते. परंतु चित्रीकरणाच्या वेळी जॅकला एडमंटनच्या मोठ्या संघाचे बोलावणे आले आणि त्याच्या जागी डेव्ह हॅन्सन उभा राहिला. वर चढण्याची संधी मिळालेला भाऊ चित्रपटाला मुकला, हा योगायोग गमतीचाच. जॅक पुढे नॅशनल हॉकी लीगमध्ये २३६ सामने खेळला. स्टीव्हच्या वाट्याला तिथे एक हंगाम आणि ५२ सामने आले, डेव्ह हॅन्सनच्या वाट्याला ३३. जेफला ती पायरी चढता आली नाही. १९७९ मध्ये 'वर्ल्ड हॉकी असोसिएशन' बंद पडली, तिचे चारच संघ मोठ्या लीगमध्ये सामावून घेतले गेले आणि वाढलेल्या जागा पुन्हा आटल्या. या आकड्यांकडे अपयश म्हणून पाहणे सोपे आहे. मी ते तसे पाहत नाही. त्या लीगमध्ये एक सामना खेळायला मिळावा म्हणून आयुष्य घालवलेले आणि तोही न मिळालेले खेळाडू यांच्यापेक्षा कितीतरी अधिक होते. पुढे चाळिशी-पन्नाशी ओलांडल्यावरही हे तिघे चष्मे लावून, पडद्यावरचाच गणवेश घालून गावोगावच्या सामन्यांत आणि मदतनिधीच्या कार्यक्रमांत हजेरी लावत राहिले. बर्फावरच्या कारकिर्दीने जे दिले नाही, ते दोन तासांच्या एका नकलेने दिले.

जॉन्सटाउनचे काय झाले? चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी जुलैमध्ये गावाला महापूर आला. जेट्स संघ १९७७ नंतर पुन्हा उभा राहिला नाही. बेथलेहेम स्टील कंपनीने तिथला कारखाना १९९२ मध्ये बंद केला. १९२० साली सुमारे ६७ हजार वस्ती असलेल्या या शहरात २०२० च्या जनगणनेत अठरा हजारांच्या आसपास माणसे उरली होती. मधल्या काळात, १९८८ मध्ये, गावाला पुन्हा एक हॉकी संघ मिळाला. त्याचे नाव चित्रपटावरून 'चीफ्स' असेच ठेवण्यात आले आणि काही हंगाम स्टीव्ह कार्लसन त्याचे प्रशिक्षक होते. दोन दशकांहून अधिक काळ तो संघ जॉन्सटाउनच्या रिंगणात खेळला. रेजी डनलॉपने थापेत सांगितलेले दक्षिणेचे स्थलांतर या संघाच्या नशिबी खरोखर आले : २०१० मध्ये त्याने गाव सोडले आणि तो साउथ कॅरोलायनातील ग्रीनव्हिल येथे गेला.

चित्रपटाच्या अखेरच्या दृश्यात विजयाची मिरवणूक चालली आहे. कारखाना बंद होणारच आहे, संघही. तरी रस्त्यावर गर्दी लोटली आहे. फ्रान्सीन आपली गाडी घेऊन गाव सोडून निघाली आहे. रेजी तिला गाठून सांगतो, मिनेसोटात प्रशिक्षकाची नोकरी मिळाली आहे, साऱ्या पोरांना सोबत नेणार आहे. न्यूमन हे वाक्य ज्या उत्साहाने बोलतात, त्याच उत्साहाने त्यांनी फ्लोरिडाची थापही मारली होती. नोकरी खरी की खोटी, हे चित्रपट सांगत नाही. फ्रान्सीन हसते, त्याचा निरोप घेते आणि गाडी पुढे काढते.